साडेअकरा मिलिमीटरचा मराठवाडा

छत्रपती संभाजीनगर रेल्वेस्थानकाचे मॉडेल करायला घेतले तर पहिला पेच फलकाचा वाटतो. २०२५ मध्ये स्थानकाचे नाव बदलले. मग पिवळ्या पाटीवर नवे नाव लिहायचे की जुने ‘औरंगाबाद’? पाटीचे काय, ती पुठ्ठ्याच्या तुकड्याची. हौस फिरली की दहा मिनिटांत बदलता येते. तिच्याखालचा लोहमार्ग मात्र असा बदलता येत नाही. पाटीवर नवे नाव आले की खाली ब्रॉडगेज, काँक्रीटचे स्लीपर आणि डोक्यावर विजेच्या तारा हव्याच, कारण २०२३ च्या अखेरीस जालन्याहून मुंबईला सुरू झालेली वंदे भारत याच स्थानकातून जाते. ‘औरंगाबाद’ ठेवले तर मोकळीक बरीच. जुन्या नावाखाली ब्रॉडगेज धावली आहे आणि त्याआधी कित्येक दशके मीटरगेजही.

निजामाच्या रेल्वेची हैदराबाद–गोदावरी व्हॅली लाइन १९०० च्या सुमारास खुली झाली. मनमाडला मुख्य मार्गापासून फुटून दौलताबाद, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असे करत ती सिकंदराबादकडे जायची. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर बरोबर एक मीटर. मुंबईहून येणाऱ्याला मनमाडला ब्रॉडगेजच्या गाडीतून उतरून सामानासह मीटरगेजच्या डब्यात शिरावे लागे. अजंठा एक्सप्रेस याच रुळांवरची गाडी. १९९२ मध्ये देशभर रुळांचे गेज एकच, म्हणजे ब्रॉडगेज, करण्याचा ‘युनिगेज’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्या दशकात मराठवाड्यातले मीटर अंतरावरचे रूळ उखडले गेले.

घरातल्या छोट्या फळीवर लोहमार्ग खरा वाटावा असे ज्याला वाटते, त्याने या उखडलेल्या मार्गाकडे आधी बघावे. यात आठवणींच्या हळवेपणाचा भाग थोडा आहेच, पण मुख्य कारण गणिताचे आहे.

जगात सर्वाधिक चालणारे मॉडेल रेल्वेचे प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. त्याच्या तयार ट्रॅकवर दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असते. या आकड्याला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतला प्रमाण गेज. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. एचओमध्ये ते १९.२६ मिलिमीटर भरायला हवे. बाजारातला ट्रॅक आणून त्यावर भारतीय रंगाचे डबे उभे केले, तर ते प्रत्यक्षातल्या हिशेबाने वीतभर अरुंद रुळांवर उभे राहतात. कितीही गंज रंगवा, खडी चिकटवा, समोरून पाहिल्यावर गाडी चवड्यावर उभी राहिल्यासारखी दिसते. १९.२६ मिलिमीटरचा ट्रॅक हाताने बांधणारे हौशी लोक आहेत, पण ते काम चाके आणि सांधे बदलण्यापर्यंत जाते. पहिल्याच प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नये.

आता मीटरगेज घ्या. १००० भागिले ८७, म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. स्वित्झर्लंडमधली ऱ्हेटियन रेल्वे मीटरगेजचीच आहे, आणि तिच्या वेड्यांसाठी युरोपात ‘एचओएम’ नावाचा १२ मिलिमीटर गेजचा ट्रॅक तयार मिळतो. जर्मनीची बेमो तो बनवते, इंग्लंडची पेकोही बनवते. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तो डोळ्याला कळत नाही. आल्प्समधल्या बर्फाळ घाटांसाठी केलेला रूळ लासूर, पोटूल, करमाडच्या काळ्या मातीत इतका चपखल बसेल, असे बेमोच्या कारखान्यात कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

नॅरोगेजचा हिशेबही जुळतो, तो जाता जाता. बार्शी लाइट रेल्वे किंवा विदर्भातली शकुंतला या ७६२ मिलिमीटरच्या गाड्या होत्या. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि ‘एन’ प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक जगभर मिळतो.

गेज ठरले की पुढचा अडथळा वळणाचा. खेळण्यांच्या संचात येणाऱ्या सर्वांत लहान वर्तुळाची त्रिज्या ३६ सेंटिमीटरच्या आसपास असते. खऱ्या जगात तिचे ३१ मीटर होतात. भारतीय रेल्वेच्या नियमांत ब्रॉडगेजच्या वळणाची किमान त्रिज्या १७५ मीटर, मीटरगेजची १०९ मीटर, तर ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजची ४४ मीटर. ८७ ने भागल्यावर ब्रॉडगेजला दोन मीटर त्रिज्या लागते. म्हणजे पूर्ण वर्तुळाला सव्वाचार मीटर रुंदीची खोली हवी, आणि पलंग कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच. मीटरगेजला सव्वा मीटर पुरते. तेही कमी नाही. म्हणून छोट्या फळीवर वर्तुळाचा नादच सोडावा हे बरे. १८० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद फळी म्हणजे १:८७ मध्ये सुमारे १५७ मीटर लांब जमीन. मीटरगेजचा डबा तिच्यावर साडेबावीस सेंटिमीटरचा. वाफेचे एक वायपी इंजिन, तीन डबे, एक मुख्य मार्ग, एक लूप आणि मालधक्क्याची एक साइडिंग, एवढे त्यात मावते. गाडी एका टोकाच्या पडद्याआडून येते आणि दुसऱ्या टोकाला नाहीशी होते. दौलताबादसारख्या छोट्या स्थानकाची पार्श्वभूमी त्यामागे रंगवता येते. किल्ल्याचा डोंगर गाडीतून दिसतोच.

महाराष्ट्रात ज्याला हा छंद प्रत्यक्ष बघायचा असेल तो पुण्याला जातो. कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे एक अख्खे छोटे शहर आहे, सिग्नल आहेत, दिवसाची रात्र होते आणि गाड्या एकामागून एक धावतात. शाळेच्या सहली तिथे खिळून राहतात. हॅम्बुर्गचे मिनिएटर वुंडरलँड हा त्याच जातीचा पण अवाढव्य प्रकार, २००१ पासूनचा. अशा ठिकाणी नजर हालचालीवर असते, रुळाच्या बाजूवर गंज आहे का हे कुणी वाकून बघत नाही. घरातल्या दीड-दोन मीटरच्या फळीवर हिशेब उलटा होतो. हालचाल थोडी, बघणारा वीतभर अंतरावर, आणि रूळ नेमके डोळ्यासमोर.

रुळाची उंची ही पहिली गोष्ट खटकते. मॉडेलच्या रुळांची उंची ‘कोड’मध्ये सांगतात. कोड १०० म्हणजे इंचाचे शंभर हजारांश, २.५४ मिलिमीटर. एचओमध्ये ते २२१ मिलिमीटर होतात. भारतातल्या ब्रॉडगेजची आजची भारी, मीटरला ६० किलो वजनाची पटरीसुद्धा १७२ मिलिमीटर उंच आहे, ५२ किलोची १५६. म्हणजे स्वस्त संचातला कोड १०० चा रूळ देशातल्या सर्वांत दणकट रुळापेक्षाही जाडजूड. ५२ किलोच्या पटरीला कोड ७० जवळजवळ तंतोतंत बसतो. जुन्या मीटरगेजवर सर्रास दिसणाऱ्या ६० पौंडी पटरीची उंची साधारण ११४ मिलिमीटर. तिच्यासाठी कोड ५५ हवा. अडचण एवढीच की जुन्या मॉडेलच्या चाकांची कड खोल असते आणि ती कोड ५५ वर रूळ धरून ठेवणाऱ्या खुंट्यांना घासत टकटक करते. चाके नवी नसतील तर कोड ७५ वर समाधान मानावे. जाडी लपवायला रंग मदत करतो.

स्लीपरकडे लोकांचे लक्ष कमी जाते, आणि भारतीयपणा तर तिथेच दडलेला आहे. बाजारातला ट्रॅक लाकडी स्लीपरचा असतो किंवा काँक्रीटचा. भारतातल्या जुन्या मार्गांवर याशिवाय दोन प्रकार सगळीकडे होते. एक, पोलादी पत्रा दाबून केलेला उपडा पन्हाळीसारखा स्लीपर, ज्याची टोके खडीत खाली वळलेली असत. दुसरा सीएसटी-९ नावाचा बिडाचा. त्यात दोन्ही रुळांखाली एकेक बिडाची थाळी आणि त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. मधला भाग रिकामा, तिथे नुसती खडी. युरोपातल्या मॉडेलवर हा कधी दिसणार नाही. तो करायची युक्ती सोपी आहे: प्लास्टिकच्या स्लीपरचा मधला भाग खडीने झाकायचा आणि वरून केसाएवढी पातळ पट्टी आडवी चिकटवायची. सगळ्या फळीवर नको, साइडिंगच्या हातभर लांबीवर केले तरी जुन्या रेल्वेतला माणूस लगेच ओळखतो.

अंतरही मोजून घ्यावे. मीटरगेजच्या १२ मीटरच्या पटरीखाली १६ स्लीपर असे मान धरले तर दोन स्लीपरच्या मध्यांमध्ये ७५ सेंटिमीटर येतात, मॉडेलवर ८.६ मिलिमीटर. तयार ट्रॅकवर ते याहून दाट असतील तर खालचे प्लास्टिकचे दुवे ब्लेडने कापून स्लीपर सरकवता येतात. काम कंटाळवाणे आहे, पण रेडिओ लावून बसले की संपते.

आता खडी. सर्वांत जास्त मॉडेल इथे बिघडतात, आणि छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला सर्वांत मोठा फायदाही इथेच आहे.

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजची खडी साधारण ६५ मिलिमीटरपर्यंतची. ८७ ने भागली की पाऊण मिलिमीटर. म्हणजे मॉडेलवरचा सर्वांत मोठा दगड पाऊण मिलिमीटरचा, मीटरगेजवर त्याहूनही बारीक. मत्स्यालयाच्या दुकानातली खडी किंवा नदीची वाळू टाकली की रुळांमध्ये नारळाएवढे गोटे पसरल्यासारखे दिसतात. वाळूचा कण शिवाय गोल असतो. रेल्वेची खडी फोडलेली, कोनदार. मराठवाडा आणि जवळपास सगळा पश्चिम महाराष्ट्र ज्या बेसॉल्टवर बसला आहे, त्याच काळ्या दगडाची खडी इथल्या रुळांखाली आहे. शहराच्या आसपासच्या क्रशरवर त्याच दगडाची कच मिळते. बांधकाम चालू असलेल्या घराबाहेर ढीग दिसतोच. विचारून मूठभर घ्यावी. ती चार वेळा धुऊन, उन्हात वाळवून चहाच्या गाळणीतून गाळायची. जे गाळणीतून पडेल ते मैद्याच्या चाळणीवर घ्यायचे. चाळणीवर जे उरेल ती खडी, आणि खाली जे पडेल ते स्थानकाच्या आवारासाठी. ही गाळणी आणि ही चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

एक पायरी मात्र चुकवून चालत नाही. बेसॉल्टमध्ये लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो, आणि असे कण सुटे झाले की ते थेट मोटरमध्ये आणि गिअरमध्ये जाऊन बसतात. म्हणून वाळलेली कच कागदावर पातळ पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून फिरवायचा. पिशवी उलटी केली की काळी भुकटी बाजूला पडते. सगळे कण निघत नाहीत, पण जे सुटून मोटरपर्यंत जाऊ शकतात ते बहुतेक निघतात.

रंगाचीही एक गंमत आहे. बेसॉल्टची कच डिंक पिऊन गडद होते. शिवाय छोट्या वस्तूवर खरा रंग जास्तच काळा दिसतो, कारण लांबून पाहताना मधली हवा आणि धूळ रंग फिका करते ती इथे नसते. म्हणून खऱ्या दगडाची कच वापरूनही तिच्यात थोडी फिकट राखाडी कच मिसळावी लागते. खरा दगड खोटा दिसतो आणि थोडा खोटेपणा केला की खरा दिसतो.

चिकटवायची पद्धत जगभर एकच. खडी कोरडी पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरच्या वर आलेले कण खाली ढकलायचे. मग पाण्यात चार थेंब भांड्यांचा साबण घालून फवारा मारायचा, म्हणजे पृष्ठताण मोडतो आणि डिंक खडीवर गोळा न होता आत उतरतो. त्यानंतर फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक दुप्पट पाण्यात कालवून औषधाच्या ड्रॉपरने सोडायचा. रात्रभर हात लावायचा नाही. सांध्यांच्या हलत्या जिभांपाशी मात्र डिंकाचा एक थेंबही जाता कामा नये. तिथे आधी तेलाचे बोट लावून ठेवतात. रुळाच्या आतल्या बाजूला, चाकाची कड जिथून जाते तिथे, खडीचा एखादा कण अडकला तरी डबा घसरतो.

खडीचा आकार कळला तरी तिची रचना वेगळीच शिकावी लागते. मोकळ्या मार्गावर स्लीपरच्या टोकापलीकडे खडीचा खांदा असतो, मग उतार, आणि बाजूला मुरमाची पायवाट, जिच्यावरून रूळ तपासणारा कीमन हातोडा घेऊन रोज चालतो. स्थानकात हे चित्र पालटते. लूप आणि साइडिंगमध्ये उतार राहत नाही, दोन मार्गांमधली जागा सपाट होते, खडीवर माती, राख, सांडलेले धान्य बसते. वाफेच्या काळात तर यार्डात इंजिनातून काढलेली राखच खडीच्या जागी पसरत. मुख्य मार्ग स्वच्छ आणि उंच, लूप थोडी खाली आणि मळकट, साइडिंग जमिनीत रुतलेली: एवढा चढउतार केला की तिन्ही मार्गांची कामे न सांगता कळतात.

गंज रंगवण्याची कला अमेरिकेत जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने गाजवली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या घरात त्याने ‘गोरे अँड डॅफेटिड’ नावाची काल्पनिक डोंगरी रेल्वे उभी केली होती. १९७३ मध्ये तो वारला तोपर्यंत मळ, गंज आणि झीज दाखवण्याचा त्याचा आग्रह या छंदाचा शिरस्ता होऊन गेला होता. चकचकीत मॉडेल हे खेळणे, मळके मॉडेल म्हणजे रेल्वे, असे तेव्हापासून मानतात.

पण मळ कुठला, हे ज्याने त्याने आपल्या रुळांवर पाहून ठरवायचे. फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून पाहावे. रुळांत उतरणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. पाहिल्यावर कळते की रुळाचा वरचा भाग आरशासारखा, पण बाजू तांबड्या नसून गडद तपकिरी आहेत. तांबडा-नारिंगी गंज फक्त कमी वापराच्या साइडिंगवर असतो, आणि तिथे वरचा भागही निस्तेज असतो. स्लीपर काळे किंवा पांढरट राखाडी राहत नाहीत. ब्रेकमधून झडणाऱ्या लोखंडाच्या भुकटीने रूळ, खडी, स्लीपर सगळे एकाच तपकिरी झाकेत येतात, आणि गाड्या जिथे थांबतात तिथे ही झाक सर्वांत दाट. इंजिन उभे राहते तिथे मधोमध तेलाचा काळा पट्टा.

यासाठी परदेशी बाटल्यांची गरज नाही. अ‍ॅक्रिलिकमधला बर्न्ट अंबर आणि त्यात थोडा काळा, हा रुळाच्या बाजूचा रंग. पोस्टर कलर नको, खडी चिकटवताना पाणी लागले की तो वाहतो. रंग ओला असतानाच रुळाचा माथा फडक्याने पुसायचा, कारण १२ व्होल्टची वीज त्यातूनच चाकांना मिळते. गंजाची भुकटी म्हणून गेरू उत्तम, पण एकटा गेरू वाड्याच्या भिंतीसारखा लालभडक दिसतो. त्यात कोळशाची पूड मिसळली की तो रुळाला शोभतो. कोरड्या ब्रशने सांध्यांभोवती टेकवावा, वरून मॅट वार्निशचा हलका फवारा.

पटऱ्यांच्या सांध्यांचेही तसेच. आजचा ब्रॉडगेज मार्ग लांबच लांब जोडलेल्या पटऱ्यांचा, पण मीटरगेजवर दर १२ मीटरला दोन पटऱ्या जोडणारी फिशप्लेट असे. मॉडेलवर ते अंतर १३.८ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीने एक खाच पाडली की गाडी जाताना अस्सल खटक-खटक ऐकू येते. मॉडेलच्या ट्रॅकच्या खऱ्या जोडांमध्ये मात्र फट ठेवायलाच हवी. मॉडेलचे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात आणि तापमानात ३० अंशांचा फरक पडला की मीटरभर रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या पहाटे फट न ठेवता जोडलेला ट्रॅक मे महिन्याच्या दुपारी संभाजीनगरात फळीवरून उचलला जातो.

शेवटी झाडोरा. ऋतू एकच निवडावा. पावसाळ्यानंतर रुळांकडेला गाजरगवत, रुई, टाकळा माजतो. मार्चनंतर सगळे पिवळे पडते आणि वेडी बाभूळ तेवढी हिरवी राहते. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले, तेव्हा त्याआधीचे दृश्य करणाऱ्याने ते वगळावे. गवत मुख्य मार्गाच्या खडीत नसते, गँगमन ते राहू देत नाहीत. साइडिंगच्या टोकाला, मातीचा बांध आणि बफर असतो तिथे, ते स्लीपरमधून डोकावते.

आणि फळीवर वीतभर जागा उरली असेल तर रेल्वेफाटक करावे. शिवाजीनगरच्या फाटकावर वर्षानुवर्षे खोळंबलेल्या संभाजीनगरकराला त्याचा नकाशा शिकवावा लागत नाही. रुळाच्या आत दोन्ही बाजूंना चेकरेल, मधे डांबर किंवा ठोकळे, चाकाच्या कडेसाठी मिलिमीटरभर खाच, आणि अलीकडे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’, म्हणजे पुढे फाटक आहे, शिटी वाजवा. फाटक बंदच दाखवावे. मॉडेलवरची वाहने हलत नाहीत आणि रस्त्याच्या मध्यात थिजलेली रिक्षा विचित्र दिसते; बंद फाटकापुढे मात्र ती उभीच असणार. एखादा सायकलस्वार सायकल आडवी करून दांड्याखालून घुसताना चिकटवला, की बाकीचे काम बघणारा स्वतःच पूर्ण करतो.